युरोपावरील भरती

आमच्या विदर्भात माणूस जेवत असला की तो 'जेवून राहिला' असतो आणि येत असला की 'येऊन राहिला' असतो. यात काही चुकीचं आहे हे मला पुण्यात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. येरवड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी म्हणाले, "मी वह्या तपासून राहिले." समोरच्या बाई मराठी शिकवायच्या. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तपासून कुठे राहिलात?" सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी वह्या तपासत होते, डबा खात होते आणि घरी जात होते. वर्षभरात माझं 'काहून' गेलं, 'मले-तुले' गेलं. आता भाजीवालासुद्धा मला इथलीच समजतो आणि त्याच हिशेबानं तुसडेपणानं बोलतो.

माझ्या नवऱ्याची बोली मात्र कानामात्रेनंही हलली नाही. त्यांना हलायचं कारणच पडलं नाही, ते अमरावतीलाच राहिले. आमच्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, 'हे' म्हणायचं, म्हणून इथंही मी 'हे'च म्हणणार आहे. हे पाटबंधारे खात्यात होते. लग्नानंतर काही वर्षांनी मला पुण्यात कायम नोकरी लागली आणि सासूबाईंनी अमरावती सोडायला साफ नकार दिला. हे एकुलते एक. मग ठरलं, की थोडे दिवस मी पुण्यात राहीन, हे तिकडे राहतील, पुढचं पुढे बघू. बघता बघता माझे केस पांढरे झाले. मूल झालं नाही, त्याबद्दल इथं मला काही सांगायचं नाही.

महिन्यातून एकदा हे ट्रॅव्हल्सच्या बसनं यायचे. विश्रांतवाडीतला माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात त्यांची चप्पल वाजली की मला कळायचं. पहिला दिवस आम्ही एकमेकांशी पाहुण्यासारखे वागायचो. "चहा घेणार का?" "घेतो न." दुसऱ्या दिवशी घर घरासारखं व्हायचं. हे पेपर वाचता वाचता मोठ्यानं बातम्या सांगायचे, मी स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर द्यायचे. आणि जायच्या दिवशी भांडण. ते चुकायचं नाही. गॅसचा कॉक, नळाचा वॉशर, त्यांचा ओला टॉवेल, काहीही पुरायचं. रिक्षा आली की दोघांचीही तोंडं वाकडी. मग हे जायचे, आणि मी तो ओला टॉवेल दोरीवर टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. वाळला तरी दोन-तीन दिवस काढायचे नाही.

एक गोष्ट मला फार लागायची. हे जाताना स्वतःचं काहीही मागे ठेवत नसत. दाढीचा डबा, ब्रश, कंगवा, पायजमा, सगळं परत पिशवीत. मी एकदा म्हटलंही, "ब्रश राहू द्या की. दहा रुपयांचा ब्रश." तर म्हणाले, "कायले पसारा?" येताना मात्र हात भरलेले. तुरीची डाळ. दर महिन्याला तुरीची डाळ. पुण्यात डाळ मिळत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. एकट्या बाईला किती डाळ लागते? माझ्या शेजारणी माझ्या नवऱ्याला डाळवाले म्हणून ओळखतात.

सासूबाई गेल्या. मला वाटलं, आता. पण नोकरी होती. मग मी निवृत्त झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात हेही झाले. मला वाटलं, आता तर काही अडचणच नाही. हे आले. डाळ आणली. तीन दिवस राहिले, भांडले आणि गेले. पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. दोन गावांत दोन म्हातारी माणसं, दोन कुकर, आणि प्रत्येक कुकरात वाटीभर भात.

मी विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं, असं कोणीही म्हणेल. सोपं नव्हतं ते. विचारलं आणि हे "नाही" म्हणाले, तर मग मी कशाची वाट पाहायची? इतकी वर्षं नोकरी आणि सासूबाई मध्ये होत्या, त्यांच्यावर ढकलता येत होतं. आता मध्ये कोणीच नव्हतं. हे येऊन राहणार आहेत की नाहीत, एवढा एकच प्रश्न मला होता, आणि तो घेऊन मी सकाळी उठत होते आणि तोच घेऊन झोपत होते.

शाळा होती तोवर एकटेपणा असा अंगावर आला नव्हता. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला असायचा, घरी आल्यावर शांतता बरी वाटायची. आता घसा न बोलून बसतो. दूधवाल्याला सकाळी "उद्या एकच पिशवी" म्हणायला जावं तर आवाज फुटत नाही, आधी खाकरावं लागतं. कारण काल दुपारपासून आपण कोणाशी बोललेलोच नाही, हे तेव्हा लक्षात येतं. वरून लोहगावची विमानं जातात, खाली आळंदी रोडची वाहनं, मध्ये मी. पावशेर भेंडी मागितली की भाजीवाला म्हणतो, "एवढीच?" रोज म्हणतो. एकदा मला इतका राग आला की किलोभर घेतली, आणि आठवडाभर भेंडी खाल्ली. नंतर पुन्हा पावशेरावर आले.

अशाच एका दुपारी मोबाइलवर मी तो चंद्र पाहिला. गुरूचा एक उपग्रह, युरोपा. आपल्या चंद्रापेक्षा थोडा लहान. नाव मला माहीत होतं, शाळेत गुरूच्या उपग्रहांची नावं मी पोरांकडून घोकून घेतली होती. पण चित्र असं नीट कधी पाहिलं नव्हतं. पांढरा गोळा, आणि त्यावर तपकिरी रेघाच रेघा. शाई सांडून नखानं ओरबाडल्यासारख्या. वरचं कवच सगळं बर्फाचं, आणि त्याखाली, शास्त्रज्ञांचा कयास असा, की खोल खारं पाणी आहे. एवढ्या थंडीत पाणी पातळ राहतं कसं, आणि बर्फ तडकतो कशानं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच निघालं. त्यानं माझी दुपार खाल्ली.

युरोपा गुरूभोवती साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो. पण त्याची वाट अगदी गोल नाही, किंचित लांबट आहे. त्यामुळे तो कधी गुरूच्या जरा जवळ जातो, कधी जरा लांब. जवळ गेला की गुरू त्याला जास्त ओढतो, आतलं पाणी फुगतं, वरचं कवच ताणलं जातं. लांब गेला की ओढ कमी होते, फुगवटा बसतो. आपल्या समुद्राला येते तीच भरती-ओहोटी, फक्त इथं सगळा चंद्रच वरखाली होतो. दर फेरीच्या या ताणण्या-सोडण्यानं बर्फाला तडा जातो. आणि तडा एका दमात जात नाही. ताण वाढला की थोडा पुढे सरकतो, ताण उतरला की थांबतो, पुढच्या फेरीला पुन्हा तिथूनच, पण जरा वळून. म्हणून काही तडे सरळ नसतात, कमानीला कमान जोडल्यासारखे दिसतात. मी तो फोटो मोठा करून एकेका कमानीवर बोट ठेवून बघत बसले. एक फेरी, एक कमान. एक महिना, एक भांडण.

आणि त्याची वाट गोल का होत नाही, तर शेजारचे दोन चंद्र त्याला सारखे ठरावीक वेळेला टोचत असतात, ते होऊ देत नाहीत. माझ्या बाबतीत ते दोन कोण, हे सांगायला दुर्बीण लागत नव्हती. मला एकटीलाच हसू आलं. मग रडू आलं, कारण हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

आमच्या वस्तीत ज्येष्ठांसाठी एक विरंगुळा केंद्र आहे. तिथले सेक्रेटरी कसबा पेठेत वाढलेले, मुलानं फ्लॅट घेतला म्हणून विश्रांतवाडीत आलेले. त्या गोष्टीचा राग ते अजून विश्रांतवाडीवर काढतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "बाई, आपण विज्ञानाच्या ना? एक व्याख्यान द्या. मधुमेहावर सात झाली, आता श्रोत्यांनाच साखर झाली आहे." मी लगेच हो म्हटलं. माणसांसमोर तासभर बोलायला मिळणार होतं, यापेक्षा मला दुसरं काही नको होतं. तारीख मात्र मी हे पुण्यात असतील अशी घेतली. ह्यांनी मला कधी शिकवताना पाहिलं नव्हतं.

विषय मी कागदावर नीट लिहून दिला: 'युरोपा या चंद्रावरील भरती-ओहोटी आणि बर्फाला पडणारे तडे'. सेक्रेटरींनी तो लांब धरून वाचला. "फळ्यावर एवढी जागा नाही. बघतो मी." त्यांचं अक्षर सुंदर आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

त्या रात्री यांचा फोन आला. रोजच्यासारखाच, जेमतेम मिनिटभर. जेवण झालं का, पाणी आलं का. शेवटी म्हणाले, "बुधवारी येऊन राहिलो." मी म्हटलं, "बरं, या." आणि ठेवला.

बुधवारी हे आले ते दोन बॅगा घेऊन. नेहमीची हातातली, आणि एक मोठी, चाकांची, दोन मजले धापा टाकत चढवलेली. मी दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "एवढी डाळ? मी काय खानावळ काढली आहे का?" मोठी बॅग त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि पाय धुवायला गेले. मला वाटलं, लागलं वाटतं. पण मीही दमले होते, व्याख्यानाचं टेन्शन होतं. म्हटलं, डाळ काय, सावकाश काढू.

व्याख्यानाला नुसतं बोलून चालत नाही, काहीतरी दाखवावं लागतं, हे मी शाळेत शिकले. मी रबरी चेंडू आणले होते. मेण वितळवून त्यावर थर चढवायचा आणि लोकांसमोर चेंडू दाबायचा, म्हणजे थर तडकताना दिसेल. मला जमेना. थर एकीकडे जाड, एकीकडे पातळ. हे बराच वेळ दारात उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "सर बाजूला." आणि खाली बसून, बाह्या सावरून, चेंडू फिरवत फिरवत चमच्यानं असा एकसारखा थर दिला की बघत राहावं. पहिला चेंडू वाळल्यावर मी दाबला. चर्रकन रेघ गेली. हे वाकून बघायला लागले.

"आमच्या कॅनॉलचं अस्तर असंच जाते," म्हणाले. "भरलेला कॅनॉल चांगला राहते, कोरडाही चांगला राहते. सारखं पाणी सोडा, तोडा, सोडा, तोडा केलं की मंग फुटते."

"तेच तर मी उद्या सांगणार आहे."

"मंग यावर उपाय?"

"चंद्राला कोण उपाय करणार?" मी म्हटलं, आणि पुढचा चेंडू त्यांच्या हातात दिला. ती संध्याकाळ फार चांगली गेली. सगळ्या घराला मेणाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही केंद्राच्या कोपऱ्यावर आलो तर गेटाबाहेर गर्दी. मला वाटलं, कोणी गेलं की काय. ज्येष्ठांच्या केंद्रासमोर गर्दी दिसली की पहिलं तेच मनात येतं. पण ही सगळी तरुण माणसं होती. हातात प्लास्टिकच्या फायली. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी पोरं, कारखान्याच्या गणवेशातली माणसं, दोन-तीन नर्सबाया. सेक्रेटरी गेटात उभे राहून रुमालानं मान पुसत होते.

मी फळा वाचला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'युरोपावरील भरती. सचित्र मार्गदर्शन. प्रवेश विनामूल्य.' कोणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तिथं एकानं शुद्धलेखन सुधारून 'युरोपमधील भरती' करून पुढे पाठवलं, आणि दोन दिवसांत ते विश्रांतवाडीतल्या प्रत्येक कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेपुरतं भाडं भरायच्या, खोलीत पोचलं.

"ओहोटी कुठे गेली?" मी विचारलं.

"कापली," सेक्रेटरी म्हणाले. "जागा नव्हती. शिवाय आपल्या सभासदांचं वय बघता ती नकोच म्हटलं."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात एक पोरगा पुढे आला. "मॅडम, हाईट किती लागते?" दुसरा म्हणाला, "पासपोर्ट अप्लाय केलाय, पावती चालेल का?" त्यांचे चेहरे बघून माझा राग गेला. किती लांबून आली होती ही सगळी, आणि अजून लांब जायला तयार होती. मी पायरीवर उभी राहिले आणि सांगितलं, की युरोप नाही, युरोपा, तो चंद्र आहे, तिथं भरती म्हणजे पाणी चढणं, नोकरी नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "तिथं पण जागा नाय म्हणजे." हशा झाला, आणि निम्मी माणसं फायली काखेत मारून निघून गेली. बाकीची का थांबली देव जाणे. आत पंखे होते आणि चहा होता, हे असेल.

मी बोलले. खरं सांगते, मी इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. वर्षभराचं साठलेलं होतं. चेंडू हातात घेऊन दाबला, सोडला, पुन्हा दाबला. थर तडकला तेव्हा पुढच्या रांगेतले आजोबा "आहाहा" म्हणाले. हे शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाजवळ बसले होते. मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ.

शेवटी नर्सबायांपैकी एक उठली. तिशीची असेल. "मॅडम, मले एक सांगा," ती म्हणाली, आणि तो सूर ऐकून मी चेंडू खाली ठेवला. वर्धेकडची असावी. "तो एवढा जवळ-दूर, जवळ-दूर करून राहिला, म्हणून तडे जाऊन राहिले न? मंग तो एकाच अंतरावर राहिला असता तर बरं नसतं झालं?"

फार चांगला प्रश्न होता. मला असे प्रश्न शाळेत क्वचितच मिळाले. मी टेबलाला टेकले आणि सगळ्यांकडे बघून म्हटलं, "तडे गेले नसते, हे खरं. पण आतलं पाणीही राहिलं नसतं. या ओढाताणीतच ऊब तयार होते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तशी. एकाच अंतरावर कायमचं राहिलं, की ओढाताण संपली. ओढाताण संपली, की ऊबही संपली. मग हळूहळू सगळं तळापर्यंत गोठून जातं." टाळ्या पडल्या. सेक्रेटरी उठून म्हणाले, "आता चहा. तो गोठायच्या आत घ्या." मी हवेत होते.

घरी येताना मी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं समजावून सांगितलं," हे म्हणाले. "कोणालेही समजंल असं."

रात्री जेवण झाल्या झाल्या हे आडवे झाले. मला वाटलं, दमले.

शनिवारी जायचा दिवस. सकाळपासून मी भांडणाची वाट बघत होते. टॉवेल ओला पलंगावर पडला होता, मी काही बोलले नाही, त्यांनीच तो उचलून दोरीवर टाकला. गॅसचा कॉक उघडा राहिला, मी बंद केला. हे म्हणाले, "अरे हो, राहिला." बस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जायच्या दिवशी आम्ही भांडलो नाही. मला घरात गुदमरल्यासारखं व्हायला लागलं. भांडायलाही काही उरलं नाही की काय, असं वाटलं.

चहा पिताना हे कपाकडे बघत म्हणाले, "मी काय म्हणतो. आहे तसंच चालू ठेवू. महिन्यातून एकदा येत जाईन. बरं असते ते."

झालं. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "तुमची मर्जी." त्यानंतर मी ओट्यापाशी जाऊन स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. मनात म्हटलं, आता असंच. आता मरेपर्यंत असंच. पावशेर भेंडी, एक पिशवी दूध. आतून मी इतकी रिकामी झाले होते की रडूसुद्धा येईना.

खाली रिक्षा आली. हॉर्न वाजला. यांनी दाढीचा डबा, ब्रश, कंगवा, सगळं हातातल्या पिशवीत भरलं. मग वाकून पलंगाखालून ती मोठी बॅग ओढली.

"ती कुठे नेताय?" मी म्हटलं. "डाळ काय परत नेणार का?"

बॅग चार दिवसांत मी उघडली नव्हती, त्यांनीही नव्हती. डाळ कधी परत जात नाही. मी दुसऱ्या बाजूनं पट्टा धरला. हे म्हणाले, "राहू दे, जड आहे." मी सोडला नाही.

"काय आहे त्यात?"

"कपडे."

"कोणाचे?"

"माझे. कोणाचे राहतीन?" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सगळे. तिकडचं घर भाड्यानं देऊन आलो. किल्ली चुलत भाच्याजवळ ठेवली. काल फोन केला त्याले, म्हटलं, येतो परत, भाडेकरूले किल्ली देऊ नको."

मला काही कळेना. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं न," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "फोनवर म्हटलं न तुले. बुधवारी येऊन राहिलो."

मी पट्टा धरून उभीच राहिले. येऊन राहिलो. मी विदर्भातली आहे, माझ्या कानाला ते इतकं सवयीचं, की येतोय एवढंच ऐकलं. आणि फक्त त्या खेपेला त्यांनी ते पुण्यातल्यासारखं म्हटलं होतं. येऊन, राहिलो.

"आणि मग चाललात कशाला?"

"तूच म्हटलं न परवा. सगळ्यांसमोर. एकाच अंतरावर कायमचं राहिलं की गोठून जाते म्हणून. मले वाटलं, हिले असंच बरं वाटते. तू त्यातली शिकलेली. उगा म्हणणार नाही."

"अहो, तो बर्फाचा चंद्र आहे," मी म्हटलं. "मी विश्रांतवाडीत राहते. इथं एकटी राहते मी. मी सकाळी दूधवाल्याशी बोलायला जाते तर माझा घसा चालत नाही. मी आधीच गोठलेली आहे, तुम्हाला दिसत नाही का?"

खाली रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. मी कधी न म्हटलेला शब्द म्हटला. "राहा."

"तिकीट काढलं आहे," हे म्हणाले, पण पलंगावर बसले.

मी खाली गेले. चपलाही घातल्या नव्हत्या. रिक्षावाल्याला म्हटलं, "जायचं नाही."

"मग बोलावलंत कशाला?"

"समजण्यात चूक झाली."

"आपल्या चुकीत माझी फेरी गेली," तो म्हणाला, आणि बरोबरच होतं त्याचं. मी त्याला पैसे दिले, तो निघून गेला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघून गेल्या. बघू देत.

वर आले तेव्हा हे जमिनीवर बसले होते, मोठी बॅग समोर उघडी. शर्ट, पायजमे, स्वेटर, मफलर, सासूबाईंनी विणलेली टोपी, सगळं बाहेर काढून त्यांनी पलंगावर ठेवलं होतं, आणि आता अवघडल्यासारखे माझ्याकडे बघत होते. मी बॅगेत डोकावले. तळाशी, स्वेटरांच्या खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेली तुरीची डाळ होती.

"दोघांले लागंल म्हटलं," हे म्हणाले.